पीएसए चारच्या आत, तरी ग्लीसन आठ?

पत्र:

ताई, बाबा 68 चे आहेत. लघवीला रात्री सारखं उठावं लागायचं म्हणून दोन वर्षांपासून टॅमसुलोसिन-ड्यूटास्टेराईडची एकत्र गोळी रोज घेतात. या वेळी चेकअपला पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तातून करतात ती टेस्ट) 3.9 आला, रिपोर्टवर नॉर्मल 4 पर्यंत छापलंय म्हणून आम्ही निवांत होतो, पण युरॉलॉजिस्टनी बोटाने तपासलं तर एका बाजूला कडक गाठ लागली, मग एमआरआय, मग बायोप्सी, आणि 12 पैकी 5 तुकड्यांत कॅन्सर निघाला, ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, 4+4=8. घरात आता दोन पार्ट्या पडल्यात. काका म्हणतात पीएसए नॉर्मल आहे म्हणजे लॅबने सॅम्पल बदललं, आत्ता काही करू नका, तीन महिन्यांनी परत पीएसए करू. माझी मावसबहीण सेल बायोलॉजीत एमएस्सी करतेय, ती म्हणते कॅन्सर झाला की प्रोस्टेटच्या पेशींतले सिक्रेटरी वेसिकल, म्हणजे स्रावाच्या बारीक पिशव्या, गायब होतात, पीएसए त्यांच्यातच भरलेला असतो, त्यामुळे कॅन्सर जितका वाईट तितका पीएसए कमी. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीये. पण मग कॅन्सरमध्ये पीएसए वाढतो असं सगळीकडे का लिहिलेलं असतं? वर काकांनी झिंकच्या गोळ्या आणून दिल्यात, प्रोस्टेटला झिंक लागतं म्हणे, बाबा घ्यायलाही लागलेत. कोणाचं ऐकू?

उत्तर:

अगं, वेसिकलचं सगळं सांगते, पण आधी ते 3.9 बाजूला करू. ड्यूटास्टेराईड चालू असताना पीएसएचा आकडा आहे तसा वाचायचाच नसतो. ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाचं जास्त जोरदार हार्मोन होणं अडवते, आणि पीएसएचं जीन चालतं ते याच हार्मोनच्या हुकुमावर, त्यामुळे गोळी सहा महिने-वर्षभर घेतली की रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणून डॉक्टर अशा पेशंटचा आकडा दुप्पट करून बघतात. म्हणजे बाबांचा 3.9 हा धरायचा 7.8 च्या आसपास. लॅबच्या मशीनला काय माहीत की समोरचा माणूस रोज रात्री कुठली गोळी घेतो, ते आपलं 4 पर्यंत नॉर्मल असं छापून मोकळं. युरॉलॉजिस्टनी हे मनात धरलंच असणार, ते बोलायचं राहून गेलं असेल किंवा त्या गडबडीत तुम्हाला कोणाला ऐकू आलं नसेल, कॅन्सर हा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं तशीही कोणाला काही ऐकू येत नाही.

तर काकांचा मुद्दा इथेच निम्मा संपला. उरलेला निम्मा म्हणजे चारच्या आत असेल तर कॅन्सर नसतोच हे, तर तेही खरं नाही. अमेरिकेत एका मोठ्या ट्रायलमध्ये असे 2950 पुरुष होते ज्यांचा पीएसए सात वर्षांत कधीच 4 च्या वर गेला नव्हता आणि बोटाच्या तपासणीतही काही सापडलं नव्हतं, शेवटी ठरल्याप्रमाणे त्या सगळ्यांची बायोप्सी केली तर 449 जणांत कॅन्सर निघाला, म्हणजे 15 टक्के, आणि त्यातल्या 67 जणांचा ग्लीसन 7 किंवा त्याहून जास्त होता. हे 2004 साली छापून आलंय, आता वीस वर्षं झाली, तरी चारचा आकडा लोकांच्या डोक्यातून जात नाही.

सॅम्पल अदलाबदल जगात कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण इथे बोटाला गाठ लागलीये, एमआरआयमध्ये काहीतरी दिसलं म्हणूनच पुढे बायोप्सी झाली असणार, आणि पाच तुकड्यांत तेच निघालंय. तरीही शंका खात असेल तर त्यावर सरळ उपाय आहे, बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) लॅबकडून मागून घ्या आणि युरो-पॅथॉलॉजी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. यात कोणाचा अपमान नाही, डॉक्टर स्वतःच सुचवतात. तीन महिने थांबून परत पीएसए करणं हा उपाय नाही, ग्लीसन 8 असताना तर नाहीच नाही, कारण तीन महिन्यांनी गोळी चालूच असेल आणि आकडा परत तसाच फसवा येईल.

आता तुझ्या मावसबहिणीकडे येऊ, कारण तिने जे वाचलंय ते बरोबर आहे आणि त्यावरून जे काढलंय ते निम्मंच बरोबर आहे.

निरोगी प्रोस्टेटमध्ये बारीक बारीक ग्रंथी असतात, प्रत्येकीच्या मध्ये पोकळी आणि पोकळीच्या कडेने उंच उभ्या पेशींची रांग. या पेशींचं मुख्य काम म्हणजे स्राव तयार करायचा आणि पोकळीत सोडायचा, तो पुढे वीर्यात जातो. पीएसए हे त्यातलंच एक एन्झाइम, वीर्य आधी घट्टसर असतं ते पातळ करणं हे त्याचं काम, त्यासाठी ते सेमिनोजेलिन नावाचं प्रोटीन तोडतं. रक्तात जायचं त्याला काहीच कारण नाही, ते आपण तिथे मोजतो एवढंच. पीएसए पेशीच्या आत बनतो, गॉल्जीतून, म्हणजे पेशीच्या पॅकिंग खात्यातून, जातो, वेसिकलमध्ये म्हणजे पातळ पडद्याच्या बारीक पिशव्यांमध्ये भरला जातो, आणि त्या पिशव्या पेशीच्या वरच्या टोकाला, पोकळीकडच्या बाजूला, जाऊन जमतात आणि तिथे रिकाम्या होतात. दिशा ठरलेली आहे, वर म्हणजे वरच. या पिशव्यांना आपली जागा कशी कळते, कुठे चिकटायचं कसं कळतं, यावर 2013 चं मेडिसिनचं नोबेल तिघांना मिळालंय, तेव्हा विषय साधा नाही आणि तुझी बहीण त्यात रमली असेल तर नवल नाही.

या पिशव्यांत पीएसएच्या जोडीला अॅसिड फॉस्फटेज असतं, झिंक असतं, स्पर्मीन असतं, सगळा ठासून भरलेला माल, आणि पोकळीत सिट्रेटही भरपूर सोडलं जातं. पेशींच्या रांगेखाली बेसल पेशींचा अजून एक थर, त्याखाली बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा पातळ पडदा, आणि त्याच्या पलीकडे रक्तवाहिन्या. म्हणजे पोकळी आणि रक्त यांच्यामध्ये चांगली दोन-तीन पदरी भिंत आहे. ही भिंत किती पक्की ते एका गोष्टीवरून कळतं, वीर्यात पीएसए मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि रक्तात नॅनोग्रॅममध्ये, फरक जवळपास दहा लाख पटीचा.

कॅन्सरमध्ये काय होतं? एक नाही, दोन गोष्टी होतात आणि दोन्ही उलट दिशेला ओढतात, सगळा घोळ तिथे आहे.

पहिली गोष्ट तुझ्या बहिणीची. पेशी स्राव करणारी पेशी राहत नाही, तिचं सगळं लक्ष वाढण्याकडे लागतं, वेसिकल कमी होतात, ज्या राहतात त्या वरच्या टोकाला नीट जमत नाहीत. हे मायक्रोस्कोपखाली चक्क दिसतं. निरोगी पेशीचा वरचा भाग फिकट, धुतल्यासारखा, जवळजवळ रिकामा दिसतो, आणि गंमत म्हणजे तो रिकामा नसतो, तिथेच वेसिकल भरलेल्या असतात, फक्त नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं की त्या टिकत नाहीत आणि मागे फिकट जागा उरते. ग्लुटरअल्डिहाइड असलेल्या द्रवात तुकडा ठेवला तर तिथेच लालसर दाणेच दाणे दिसतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत ही फिकट जागाच नसते, पेशी गडद, गुलाबी-जांभळट दिसते, आणि कॅन्सरच्या आधीची हाय-ग्रेड पिन नावाची जी अवस्था आहे तिच्यातही हे दाणे कमी व्हायला लागलेले असतात. सगळ्याच कॅन्सरमध्ये असं होतं असं मात्र नाही, प्रोस्टेटच्या मधल्या भागातले काही लो-ग्रेड कॅन्सर फिकटच दिसतात, म्हणून नुसत्या रंगावरून कोणी निदान करत नाही. पोकळीतला मालही बदलतो, निरोगी ग्रंथीत गोल गोल थर असलेले खडे दिसतात, कॅन्सरच्या ग्रंथीत ते क्वचित, त्याऐवजी धारदार कडांचे क्रिस्टल, निळसर म्युसिन, गुलाबी गाळ असं काहीबाही. बाबांच्या रिपोर्टच्या मायक्रोस्कोपीच्या परिच्छेदात बघ, क्रिस्टलॉइड किंवा अँफोफिलिक सायटोप्लाझम असे शब्द असतील तर ते हेच आहे, घाबरायचं नवीन कारण नाही, निदान पक्कं करणाऱ्या खुणा आहेत इतकंच.

तर हो, कॅन्सरची एक पेशी निरोगी पेशीपेक्षा साधारणपणे कमीच पीएसए बनवते. वजनाला वजन लावून तुकडे तपासले तर कॅन्सरच्या तुकड्यात पीएसए कमी भरतो. इथपर्यंत बहीण बरोबर.

दुसरी गोष्ट ती विसरली. कॅन्सरमध्ये भिंत पडते. बेसल पेशींचा थर नाहीसा होतो, निदानाची ती एक मोठी खूणच आहे, पॅथॉलॉजिस्ट पी63 सारखे रंग लावून तो थर आहे की नाही हेच बघतात. पेशींना वर कुठे आणि खाली कुठे याचं भान राहत नाही, ग्रंथी एकमेकींत मिसळतात, ग्लीसनच्या 4 नंबरच्या पॅटर्नमध्ये (बाबांचा 4+4 तोच) तर नीट पोकळीच उरलेली नसते. मग जो काही पीएसए बनतो तो वरच्या पोकळीत जायच्या ऐवजी आजूबाजूला झिरपतो आणि तिथून रक्तात. नळाचं पाणी कमी झालं पण पाइपच फुटला तर फरशीवर पाणी आधीपेक्षा जास्तच दिसणार ना, तसं. रक्तातला पीएसए म्हणजे प्रोस्टेट किती पीएसए बनवतं हे नाही, किती गळतोय हे. म्हणूनच तो कॅन्सरमध्ये वाढतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे, आणि म्हणूनच तो इन्फेक्शनमध्ये, नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये, कॅथेटर घातल्यावर, बायोप्सीनंतरही वाढतो, कारण तिथेही या ना त्या कारणाने माल रक्तात जास्त जातो.

फ्री पीएसए नावाची जी टेस्ट असते तीही या वाट चुकण्यावरच उभी आहे. नीट वाटेने पोकळीत गेलेला पीएसए तिथे बराचसा कापला जातो, निकामी होतो, आणि तो नंतर रक्तात आला तरी कोणाला चिकटत नाही, मोकळा फिरतो. पोकळीत न जाता थेट गळलेला पीएसए ताजातवाना असतो, रक्तातलं एक प्रोटीन त्याला लगेच पकडून ठेवतं, म्हणून कॅन्सरमध्ये मोकळ्या पीएसएची टक्केवारी कमी येते. बाबांना आता ही टेस्ट करायची गरज नाही, ती बायोप्सी करायची की नाही हे ठरवताना कामाची, तो टप्पा मागे पडला. कोणी सुचवली तर विचार की यातून पुढच्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार आहे.

आता तुझी झोप उडवणारं वाक्य, कॅन्सर जितका वाईट तितका पीएसए कमी. सरसकट असं अजिबात नाही. बहुतेक पेशंटमध्ये आजार जास्त तर पीएसए जास्तच, शंभरावर, हजारावर गेलेले आकडे असतात ते पसरलेल्या आजाराचेच, कारण एका पेशीचा पीएसए थोडा कमी झाला तरी पेशींची संख्या आणि गळती त्याला पुरून उरते. पण एक छोटा गट खरंच असा आहे की ग्लीसन 8 ते 10 आणि पीएसए अगदीच खाली, अडीचच्याही आत, आणि डॉक्टर या कॉम्बिनेशनला घाबरून असतात, कारण तिथे पेशी आपली मूळ ओळख इतकी विसरलेल्या असू शकतात की पीएसए बनवणंच सोडून दिलंय. बाबा या गटात बसतात असं पत्रावरून तरी दिसत नाही, कारण त्यांचा आकडा गोळीने खाली आणलाय, खरा हिशोब 7.8 चा. बहिणीला हे नक्की सांग, तिने गोळीचा विचार केला नव्हता.

त्याच गटाच्या टोकाला एक प्रकार आहे तो सांगून ठेवते, कारण तू नेटवर शोधणारच आहेस आणि नेटवर अर्धवट वाचण्यापेक्षा इथे वाच. न्यूरोएंडोक्राइन किंवा स्मॉल सेल प्रकार. त्यात पेशींमध्ये वेसिकल असतात पण वेगळ्याच, आकाराने लहान, आतून गडद, पीएसएच्या ऐवजी क्रोमोग्रॅनिन वगैरे भरलेल्या, हार्मोन सोडणाऱ्या पेशींसारख्या. आजार पसरतोय आणि पीएसए ढिम्म हलत नाही असं तिथे होतं. पण सुरुवातीलाच हा प्रकार निघणं फार दुर्मीळ आहे, जास्त करून वर्षानुवर्षं हार्मोन ट्रीटमेंट (टेस्टोस्टेरॉन दाबणारी) घेतल्यावर काही जणांत तो उगवतो. आणि तो पेशींच्या दिसण्यावरूनही कळतो, शंका आली तर पॅथॉलॉजिस्ट सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिनचे रंग लावतात. रिपोर्टमध्ये साधं अॅसिनार अॅडेनोकार्सिनोमा (प्रोस्टेटच्या ग्रंथींचा नेहमीचा कॅन्सर) लिहिलं असेल तर हा विषय सध्या बंद, आणि स्लाइड दुसरीकडे देणारच असाल तर तेवढं विचारून घे की जोडीने लागलं.

झिंक. इथे मला काकांचा राग नाही येत, कारण त्यांनी ऐकलेलं अर्धं खरं आहे. प्रोस्टेटमध्ये झिंक इतर मऊ अवयवांपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, पेशी ते मुद्दाम ओढून घेतात, आणि ते झिंक मायटोकॉन्ड्रियातल्या अॅकोनिटेज नावाच्या एन्झाइमला दाबून ठेवतं, त्यामुळे सिट्रेट पुढे जळत नाही, साठतं आणि स्रावात बाहेर टाकलं जातं. बाकी सगळ्या पेशी सिट्रेट जाळून एनर्जी काढतात आणि ही एकटी पेशी ते फुकट वाटते, उधळपट्टीच म्हण. कॅन्सर झाला की झिंक आत घेणारे दरवाजे कमी होतात, झिंक उतरतं, एन्झाइम मोकळं होतं आणि पेशी तेच सिट्रेट जाळून वाढायला वापरायला लागते. काही ठिकाणी एमआरआयच्याच मशीनवर स्पेक्ट्रोस्कोपी करतात त्यात सिट्रेट कमी झालेलं दिसतं ते यामुळेच.

मग झिंक खाल्लं तर परत भरेल का? नाही गं. रक्तात झिंक कमी पडलंय म्हणून पेशीत कमी झालेलं नाही, पेशीने दरवाजे काढून टाकलेत म्हणून कमी झालंय, बाहेर कितीही ओतलं तरी आत जाणार कुठून. आणि जास्त ओतणं निरुपद्रवीही नाही. 2003 साली जवळपास 47 हजार अमेरिकन पुरुषांवरचा अभ्यास आला होता, रोज 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक सप्लिमेंट घेणाऱ्यांत अॅडव्हान्स्ड प्रोस्टेट कॅन्सर दुपटीहून जास्त दिसला. निरीक्षणाचा अभ्यास आहे, झिंकमुळेच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, पण ज्याचा फायदा दिसत नाही आणि धोक्याची शंका आहे ती गोळी ग्लीसन 8 च्या माणसाला कशाला द्यायची? पुरुषाची रोजची गरज 11 ते 17 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, तेवढं साधारण जेवणातूनच मिळतं. जास्त झिंक बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं कॉपर कमी होऊन अॅनिमियाही होतो, तो वेगळाच ताप. व्हिटॅमिन ई चंही असंच झालं होतं, प्रोस्टेट कॅन्सर टळेल म्हणून हजारो पुरुषांना रोज 400 युनिट देऊन बघितलं आणि 2011 मध्ये निकाल आला तो 17 टक्के जास्त कॅन्सरचा. तेव्हा प्रोस्टेट हेल्थ लिहिलेली कुठलीही बाटली घरात आली तर आधी डॉक्टरांना दाखवायची. काकांना तोंडावर चूक म्हणू नकोस, त्यांचा भाऊ आजारी आहे आणि हातात काहीतरी करण्यासारखं हवंय म्हणून त्यांनी गोळ्या आणल्या, त्यांना स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेऊन द्यायचं काम दे, शंका त्यांचीच आहे ना.

बहीण तुला कधीतरी एक्सोसोमबद्दलही सांगेल, तर दोन ओळी. आतल्या सिक्रेटरी वेसिकल वेगळ्या आणि पेशी ज्या अख्ख्या पिशव्या बाहेर सोडते त्या, म्हणजे एक्सोसोम, वेगळ्या. प्रोस्टेटच्या अशा पिशव्यांना प्रोस्टासोम म्हणतात, 1970 च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमधल्या संशोधकांनी त्या वीर्यात दाखवल्या. कॅन्सरच्या पेशीही अशा पिशव्या सोडतात, त्यात त्यांचा आरएनए आणि प्रोटीन असतं, आणि लघवीतल्या एक्सोसोममधून आरएनए मोजायची टेस्टही निघालीये. चांगली कल्पना आहे पण ती पीएसए थोडासा वाढलेल्या आणि बायोप्सी करावी की नको अशा कुंपणावरच्या माणसासाठी. बाबांची बायोप्सी झालीये, त्यावर पैसे घालवू नका.

पैसे आणि वेळ घालवायचाच तर स्टेजिंगवर. ग्लीसन 8 म्हणजे ग्रेड ग्रुप 4, हाय रिस्कमध्ये धरतात, त्यामुळे आजार प्रोस्टेटच्या बाहेर गेलाय का हे बघावं लागतं, हाडांचा स्कॅन आणि सीटी किंवा सोय असेल तर पीएसएमए पेट स्कॅन. नाव सारखं वाटलं तरी पीएसएमए म्हणजे पीएसए नव्हे, पीएसए पिशवीत भरून बाहेर टाकायचा माल आणि पीएसएमए पेशीच्या पडद्यात रोवलेलं प्रोटीन, ते प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर वाढलेलं असतं म्हणून त्याला चिकटणारं रेडिओअॅक्टिव्ह औषध देऊन फोटो काढता येतो. ऑपरेशन की रेडिएशन अधिक हार्मोन हे त्या रिपोर्टनंतर ठरेल, ते मी इथे बसून सांगणं बरोबर नाही, पण युरॉलॉजिस्ट आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट दोघांनाही भेटा, एकालाच भेटून ठरवू नका. आजार प्रोस्टेटपुरताच असेल तर ग्लीसन 8 मध्येही बरं करण्याच्याच हेतूने ट्रीटमेंट देतात, हे बाबांना सांग, त्यांना कोणी सांगितलं नसेल.

पुढे पीएसए तुमच्या आयुष्यात बराच काळ राहणार आहे, तेव्हा तो वाचायचा कसा हे आत्ताच समजून घ्या. ऑपरेशन झालं तर पेशीच उरल्या नाहीत म्हणून पीएसए जवळजवळ न मोजता येण्याइतका खाली जायला हवा, रक्तातून तो दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होतो, म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात, त्याआधी रोज रोज बघून उपयोग नाही. रेडिएशनमध्ये तो सावकाश उतरतो, महिने लागतात, कधी मध्येच थोडा वर जाऊन परत खाली येतो, तेव्हा घाबरून फोन करा पण पळू नका. हार्मोन ट्रीटमेंट चालू झाली तर तो धाडकन पडेल आणि घरात सगळे पेढे वाटायला निघतील, तर तिथे लक्षात ठेवायचं की ती ट्रीटमेंट कॅन्सरच्या पेशी मारते तशी पीएसएच्या जीनचा हुकूमही बंद करते, जसं ड्यूटास्टेराईड थोडं करतं तसं ती पुष्कळ करते. पडणं चांगलंच आहे, खूप खाली पडणं अजून चांगलं, पण तेव्हा आकड्याबरोबर पाठदुखी, हाडांचं दुखणं, वजन, अधूनमधून स्कॅन हेही बघतात, आणि बाबांना नवीन कुठे दुखायला लागलं तर पीएसए छान आहे म्हणून ते अंगावर काढायचं नाही.

ड्यूटास्टेराईड चालू ठेवायची की बंद करायची हे डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटलाच विचार. आपल्या मनाने बंद करू नका, आणि बंद केलीच तर पुढच्या काही महिन्यांत आकडा नुसता गोळी थांबल्यामुळेही वर येईल, ते कॅन्सर वाढला असं समजून घरात रडारड नको. पीएसएच्या सगळ्या रिपोर्टवर तारीख, त्या दिवशी कुठल्या गोळ्या चालू होत्या आणि लॅब कुठली हे पेनाने लिहून ठेवत जा, आणि शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये द्या, कारण वेगवेगळ्या किटवर एकाच रक्ताचा आकडा थोडा वेगळा येतो.